मुनाफभाऊजींचं सारंगपण

मुनाफभाऊजी बोटीवर टोपाज होते. टोपाज म्हणजे बोटीवरचा झाडूवाला. डेक धुणं, संडास-मोऱ्या साफ करणं, उतारूंनी ओकलेलं पुसणं हे त्याचं काम. मुंबई-जेद्दा करणाऱ्या हाजींच्या बोटीवर त्यांनी ते सत्तावीस वर्षं केलं. घरी त्यांनी सांगितलं होतं की आपण सारंग आहोत. सारंग म्हणजे डेकवरच्या खलाश्यांचा मुकादम. गळ्यात शिटी, हाताखाली पंधरा माणसं.

खरं काय ते मला १९७१ पासून ठाऊक होतं. महरुन्निसा आपाला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, भाऊजींच्या बायकोला, ते २००६च्या फेब्रुवारीत कळलं. कसं कळलं ते लिहितो. भाऊजी आता नाहीत, त्यामुळे कुणाला दुखवायचा प्रश्न नाही.

एकाहत्तरला मी वीस वर्षांचा होतो. भाऊजींनीच मला त्यांच्या बोटीवर चिकटवलं. इंजिनात तेल घालणाऱ्याच्या हाताखाली काम होतं. तिसऱ्या दिवशी मी वर हवा खायला आलो, तर भाऊजी उतारूंच्या संडासातून बादली घेऊन बाहेर येत होते. मला बघून थांबले. बादली खाली ठेवली नाही.

"घरी बोलू नको," म्हणाले. "सहा महिन्यांत खलाशी होतोय."

ते झाले नाहीत. कारण सांगतो. ते काम फार चांगलं करायचे. हाजींमध्ये म्हातारी माणसं पुष्कळ, समुद्र लागला की शंभर माणसं एकदम ओकायची. बाकीचे टोपाज पाणी मारून मोकळे व्हायचे. भाऊजी कोपरा न् कोपरा कोरडा करायचे. असला माणूस कुठला अधिकारी सोडेल? दर वर्षी अर्ज द्यायचे, दर वर्षी उत्तर यायचं, पुढच्या वर्षी बघू. काम वाईट केलं असतं तर कदाचित सुटले असते. पण ते त्यांना जमलं नाही.

घरी मात्र त्यांना बढती मिळत गेली. लग्नात खलाशी होते. माहरुख झाली तेव्हा टिंडेल झाले, म्हणजे सारंगाच्या खालचा. मुलाच्या, नौमानच्या सुंतेला सारंग झाले. तुडील गावात सगळे त्यांना सारंग म्हणायला लागले.

मी एकाच सफरीनंतर बोट सोडली. आधी महाडच्या बाजारात हमाली केली, मग औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात बॉयलरवर लागलो. बावीस वर्षं तिथं काढली. भाऊजींबद्दल कुणाला बोललो नाही. झाडू मारणं हे काही पाप नाही, आणि त्यांनी ते हाजींसाठी मारलं. पण आमच्या लोकांत सारंगाचं घर आणि टोपाजचं घर यांत लग्नं होत नाहीत. गप्प राहणं सोपं होतं.

सत्त्याण्णव साली ते सोपं राहिलं नाही. माझ्या पाळीत ताबिश नावाचा मुलगा होता. महाडच्या मोहल्ल्यातला, मोटरसायकलवर यायचा. झडप किती फिरवायची हे त्याला एकदा सांगितलं की परत सांगावं लागत नसे. त्याचा बाप साधा खलाशी होता. माहरुख तेव्हा पंचवीस वर्षांची, उर्दू शाळेत नुकती लागलेली. दोघांनी एकमेकांना माझ्या घरी दोनदा पाहिलं होतं. माहरुख कधी माझ्याकडं काही मागायची नाही. त्या वेळी म्हणाली, "मामू, तुम्ही बोला अम्मीशी."

मी तुडीलला गेलो. आपा भाकरी थापत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "खलाश्याचा पोरगा? सारंगाची पोर खलाश्याच्या घरात देऊ? तुला लाज नाय वाटली विचारताना?"

भाऊजी तिथंच खाटेवर बसले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी चहा प्यालो आणि परत आलो. ताबिशचं लग्न पुढच्या वर्षी दुसरीकडं झालं. माहरुखसाठी नंतर स्थळं आली, ती सारंगाच्या तोलाची नव्हती म्हणून आपानं परतवली. मग यायची थांबली.

२००५च्या जुलैत सावित्रीचं पाणी तुडीलला घरात छातीपर्यंत आलं. ओसरल्यावर वीतभर चिखल राहिला. आपा आणि माहरुखनं अकरा दिवस तो उपसला. मी सुट्टीच्या दिवशी फावडं घेऊन जायचो. भाऊजी बाहेर खुर्ची टाकून बसायचे. एकदा मी म्हटलं, "भाऊजी, घमेलं तरी धरा."

आपाच मला म्हणाली, "राव दे रे. त्यांनी कवा फडकं हातात घेतलंय? हुकूम सोडायचं काम त्यांचं."

मला तेव्हा कळलं की ते आळसानं बसले नव्हते. हात लावला असता तर दिसलं असतं.

नौमान आखातात, दोहाला एका कचेरीत आहे. पुराचं ऐकून त्याला वाईट वाटलं. त्यानं ठरवलं की अब्बा-अम्मीला जरा बाहेर काढावं. त्यानं मुंबईहून गोव्याला जाऊन येणाऱ्या सहलीच्या बोटीची तिकिटं काढली. तीन दिवस, खाणंपिणं सगळं त्यातच. तीन माणसांची खोली. त्याला स्वतःला रजा मिळाली नाही, माहरुखच्या शाळेची परीक्षा होती, म्हणून तिसरं तिकीट माझ्या नावावर झालं.

भाऊजींनी टाळायचा प्रयत्न केला. गुडघे दुखतात म्हणाले. बोट काय, आयुष्यभर बघितली म्हणाले. आपा ऐकेना. "तुमी बगितली. मी कुटं बगितली?" म्हणाली. "अडतीस वरसं नुसतं ऐकतेय. सारंग कुटं उभा ऱ्हातो ते मला दाखवा, मग मेले तरी चालंल."

निघायच्या आदल्या दिवशी भाऊजी महाडला माझ्या घरी आले. उभ्याउभ्याच म्हणाले, "सांभाळ."

"काय सांभाळू? त्या बोटीवर तुम्हाला कोण ओळखतंय?"

"तू ओळखतोस. तेच म्हणतो," ते म्हणाले आणि गेले.

बोट दहा मजल्यांच्या इमारतीएवढी होती. आपानं मान वर करून बघितलं आणि भाऊजींचा दंड धरला. भाऊजी सामान घेऊन खालच्या, नोकरांच्या दाराकडं चालायला लागले. मी त्यांना वळवलं. आतल्या बोळांतून जाताना समोरून कुणी आलं की ते भिंतीला पाठ लावून उभे राहायचे, नजर खाली, माणूस जाईपर्यंत. मी दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा म्हटलं, "भाऊजी, चाला. आपण उतारू आहोत."

"सवय," म्हणाले.

आपाला त्याचा अर्थ कळला नाही. ती म्हणाली, "बगितलंस? किती अदबीनं वागतात. शिकलेली मानसं पन असं करत नायत."

वरच्या डेकवर समुद्राकडं तोंड करून आरामखुर्च्या होत्या. त्यांतल्या आठांवर टॉवेल, चपला, पुस्तकं ठेवलेली, माणूस एकही नाही. अर्धा तास आम्ही कठड्याला टेकून उभे होतो. आपाचे गुडघे भाऊजींपेक्षा वाईट. मी एक टॉवेल उचलला, घडी घातली, शेजारच्या खुर्चीवर ठेवला आणि आपाला बसवलं. दुसरा उचलून भाऊजींना बसवलं.

ती मंडळी जेवून आली. ठाण्याकडची होती, अकरा जण. त्यांच्यातला पन्नाशीचा एक, पांढऱ्या हाफपँटीतला, त्याला सगळे दादासाहेब म्हणत होते.

"चाचा, ह्या खुर्च्या घेतलेल्या आहेत," तो मला म्हणाला.

"कोणी बसलं नव्हतं."

"टॉवेल होते ना."

"टॉवेलांनी तिकीट काढलंय?"

त्यांच्यातलाच एक जण हसला. दादासाहेबला ते आवडलं नाही. त्याची बायको मध्ये पडली. "अहो, राहू द्या. त्यांना कुठं माहीत असणार? पहिल्यांदाच आले असतील."

आपा त्या बाईकडं वळून म्हणाली, "पयल्यांदा मी आलेय. हे सारंग होते बोटीवर. सत्तावीस वरसं."

"सारंग म्हणजे?"

"खलाश्यांचे मुकादम. यांनी शिटी मारली की पंधरा मानसं उभी ऱ्हायची."

"अरे वा," दादासाहेब म्हणाला. "म्हणजे बोट तुमचीच की. आमच्याच खुर्च्यांवर बसलात तर आम्ही कोण बोलणार?"

अकराही जण हसले. भाऊजी उठून उभे राहिले होते. "बसा साहेब," म्हणाले. आपाला हाताला धरून उठवलं. मी म्हटलं, "कशाला उठताय?" त्यांनी माझ्याकडं न बघता सांगितलं, "उतारूशी वाद घालायचा नाय."

आम्ही परत कठड्याशी उभे राहिलो.

तेव्हापासून ती मंडळी भाऊजींना सारंगसाहेब म्हणायला लागली. लिफ्टशी भेटले की, "सारंगसाहेब, तुम्ही जिन्यानं या, तुम्हाला सवय असेल." जेवणाच्या रांगेत, "सारंगसाहेब, तुमचं तर घरचंच जेवण, आम्हाला जरा पुढं जाऊ द्या." आणि अकरा जण ताटं घेऊन आमच्या पुढं. भाऊजी बाजूला व्हायचे. मी व्हायचो नाही, मग माझ्या खांद्यावरून डाव भरून जायचे. एका बाईनं माझ्या ताटात बघून नाक मुरडलं आणि मुलीला म्हणाली, "ह्यांच्या बाजूला नको, मासे खातात." मासे बोटवाल्यांनीच शिजवले होते.

मी खाली चौकशीच्या टेबलावर जाऊन तक्रार दिली. मुलगी नीट कपडे केलेली, नीट बोलणारी. "सर, आम्ही बघतो," म्हणाली. संध्याकाळी आमच्या खोलीत फळांची थाळी आली, सोबत एक कार्ड. सहा द्राक्षं, दोन केळी, एक सफरचंद. एवढंच बघितलं त्यांनी.

सगळ्यात वाईट हे की आपा खूश होती. तिला थट्टा कळली नव्हती. सारंगसाहेब म्हणतात, म्हणजे मान देतात, असं तिला वाटत होतं. ओढणी सारखी करून ती त्यांच्याकडं बघून मान हलवायची. मला म्हणाली, "सांगितलं ते बरं झालं. मोठी मानसं हायत, पन बग, वळखतात."

मी तिला सांगू शकत होतो. सांगितलं नाही.

बोट गोव्याला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचणार होती. त्या सकाळी भाऊजींनी आपाला पुढच्या डेकपर्यंत नेलं. मध्ये साखळी होती, पलीकडं फक्त खलाशी जाऊ शकत होते. साखळीशी उभं राहून भाऊजींनी सगळं समजावलं. दोर कसा टाकतात, नांगर सोडताना सारंग कुठं उभा राहतो, एक लांब शिटी म्हणजे काय, दोन आखूड म्हणजे काय. मी मागं उभा राहून ऐकत होतो. एक शब्द चुकीचा नव्हता. सत्तावीस वर्षं त्यांनी सारंगाकडं बघितलं होतं, हातात फडकं धरून. पलीकडचा एक तरुण खलाशी आपल्या कामातून वर बघून हसला आणि भाऊजींना त्यानं सलाम केला. आपानं तो सलाम बघितला. अडतीस वर्षांत मी तिचा चेहरा तसा पाहिला नव्हता. मला वाटलं, निभावलं. आता एकच दिवस आहे.

त्याच दिवशी दुपारी जेवण झाल्यावर आम्ही तिघं खोलीकडं निघालो होतो. जिन्याच्या वळणावर गुळगुळीत फरशीची चौकोनी जागा होती. ठाण्याची मंडळी तिथं फोटो काढत उभी होती. दादासाहेबच्या हातात आंब्याच्या रसाचा मोठा पेला. बोट थोडी कलली, त्याचा तोल गेला आणि पेला फरशीवर फुटला. रस आणि काचा पार पायऱ्यांपर्यंत.

"सारंगसाहेब," तो म्हणाला, "बघा तुमची बोट कशी हलतेय. मारा शिटी. बोलवा तुमची पंधरा माणसं."

सगळे हसले. एकानं तोंडानं शिटी मारून दाखवली. कुणी जागचं हललं नाही, नोकराला बोलवायला कुणी गेलं नाही. आणि वरून त्यांचीच एक म्हातारी, दादासाहेबची आई, कठड्याला धरून उतरत होती. पायात सपाता. फोटोवाल्यांपैकी कुणाचं तिच्याकडं लक्ष नव्हतं. भाऊजींचं गेलं. तिचा पाय ज्या पायरीवर पडणार तिच्यावर रस होता.

भाऊजी खाली बसले. गुडघे दुखणारा बासष्ट वर्षांचा माणूस, पण बसताना कुठं हात टेकला नाही. एक हात म्हातारीकडं वर करून तिला थांबवलं. खांद्यावरचा पंचा काढला, चार घड्या घातल्या. आधी काचा. बोटांनी उचलल्या नाहीत, खिशातल्या बोटीच्या माहितीपत्रकाची कड सुपासारखी करून त्यात लोटल्या. मग रस. गोल गोल पुसला नाही. कोरड्या कडेकडून आत आणला, म्हणजे पसरत नाही. एक घडी भिजली की दुसरी. पायरीची खाच अंगठ्यानं कापड दाबून काढली. शेवटी सगळ्या फरशीवरून उलटा हात फिरवून बघितला, चिकट कुठं राहिलंय का ते. एका जागी राहिलं होतं. तिथं थुंकी लावून पुसलं. दोन मिनिटांत फरशी आधीपेक्षा स्वच्छ.

मी आयुष्यभर कामं बघितली आहेत. एवढं नीट काम मी फार थोड्यांचं बघितलं.

आपा म्हणत होती, "उठा. अवो, उठा." तीनदा म्हणाली. त्यांना ऐकू गेलं नाही. काम हातात असलं की त्यांना ऐकू येत नसे.

पुसून झाल्यावर ते उठले आणि मागं सरले. भिंतीला पाठ लावून, पंचा पाठीमागं धरून, नजर खाली करून उभे राहिले. म्हातारी उतरली. "चांगलं केलंस हो बाबा," म्हणाली आणि बटव्यातून वीस रुपयांची नोट काढून पुढं केली.

भाऊजींनी ती घेतली. कपाळाला लावली.

मी दादासाहेबपुढं गेलो. म्हटलं, "तुमच्या हातातून सांडलं. तुम्ही वाकायचं होतं."

"मी कुठं पुसायला सांगितलं?" तो म्हणाला. "मी शिटी मारा म्हणालो. ते आपणहून बसले."

त्याला ढकलायचं माझ्या मनात आलं, ढकललं नाही. ढकलल्यानं झालेलं बदललं नसतं. ती मंडळी रिकाम्या लिफ्टनं वर गेली. दादासाहेबची बायको जाताना खालच्या आवाजात त्याला काहीतरी बोलत होती, बहुतेक रागावत होती. ते आमच्या काय कामाचं?

खोलीत आल्यावर आपानं दार लावलं. भाऊजी बिछान्याच्या कडेला बसले. नोट अजून हातातच होती. आपा त्यांच्यापुढं उभी राहिली.

"हे कुटं शिकलात?"

"काय?"

"फडकं धरायला. अडतीस वरसं मी फरशी पुसतेय. मला येत नाय तसं."

"सारंगाला सगळं यावं लागतं," भाऊजी म्हणाले. "माणसांना शिकवायला."

आपा माझ्याकडं वळली. "तू एका सफरीला गेलावतास. तू बोल."

भाऊजींनी या वेळी माझ्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर मी काय केलं असतं, सांगता येत नाही.

"टोपाज होते," मी म्हणालो.

"सारंग कवा झाले?"

"झाले नाहीत."

ती खुर्चीवर बसली. रडली नाही, ओरडली नाही. मला वाटलं, वय झालंय, आता काय फरक पडतो, म्हणून सोडून देईल. ती म्हणाली, "चिखल काढताना हे हात कुटं होते?"

भाऊजी नोटेची घडी घालत होते.

"अकरा दिवस. माझ्या पोरीच्या हाताला फोड आले. हे हात मांडीवर ठेवून बसलावतात. मी गावाला सांगत होते, त्यांना येत नाय, त्यांना सवय नाय."

"महरू," भाऊजी म्हणाले. त्यांनी तिला नावानं हाक मारलेली मी पहिल्यांदाच ऐकली. "हाजींची खिदमत होती ती. हराम काय नव्हतं."

"मग तसं सांगायचं. मी मान खाली नसती घातली." मग ती थांबली. तिच्या चेहऱ्यावरून मला दिसलं की ती चिखलावरून पुढं गेली आहे. मी ज्या जागेची वाट बघत होतो त्या जागी ती पोचली.

"ताबिशच्या टायमाला," ती म्हणाली, "तुमी खाटेवर बसलावतात. मी बोलत होते, सारंगाची पोर. तुमी ऐकत होतात."

भाऊजींनी मान हलवली. हो म्हणून.

"आनि तू," ती मला म्हणाली, "तू चा प्यालास."

त्यानंतर बोटीवर ती बोलली नाही. राहिलेली दुपार, पुढचा सगळा दिवस. गोव्याला उतरली नाही. जेवायला आली, पानात घेतलं तेवढं खाल्लं. ठाण्याच्या मंडळींनी एकदा दुरून हाक मारली, सारंगसाहेब म्हणून. तिनं वळून बघितलं नाही. भाऊजी फळांच्या थाळीतल्या सफरचंदाची एकेक फोड कापून तिच्यापुढं ठेवायचे, ती काळी पडायची. दुसरं काय करावं हे त्यांना सुचत नव्हतं. मला पण.

मुंबईला उतरताना धक्क्यावर गर्दीत दादासाहेब भाऊजींना शोधत आला. हात पुढं केला. "सारंगसाहेब, तुमच्यामुळं मजा आली हो. चुकलंमाकलं पोटात घाला." मनापासून म्हणाला. त्याच्या लेखी सहल छान झाली होती. भाऊजींनी दोन्ही हातांनी त्याचा हात धरला आणि म्हणाले, "जी साहेब."

महाडच्या एस्टीत आपा खिडकीशी बसली. तिच्या शेजारी मी, मागच्या बाकावर भाऊजी. वडखळला गाडी थांबली तेव्हा भाऊजींनी खाली उतरून तिच्यासाठी पाण्याची बाटली आणली आणि मागून पुढं केली. तिनं ती घेतली आणि न उघडता मांडीवर ठेवली, महाडपर्यंत.

माहरुख स्टँडवर आली होती. "कशी होती बोट?" तिनं विचारलं.

"मोठी," आपा म्हणाली.

आपानं तिला लगेच सांगितलं नाही. आठ दिवसांनी मला बोलावून घेतलं आणि माझ्यासमोर सांगितलं. भाऊजी तेव्हा नमाजला गेले होते. आपानं सगळं सांगितलं, काही न लपवता. टोपाज, सारंग, ताबिश, खाट, माझा चहा. माझ्याकडं वळून, "बरोबर हाय ना?" असंही मध्येच विचारलं. मी हो म्हणत गेलो.

माहरुख परीक्षेचे पेपर तपासत बसली होती. हातातला लाल पेन तिनं खाली ठेवला नाही. ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, "मग आता मी काय करू, अम्मी?"

भांडायला म्हणून विचारलं नव्हतं. उत्तर असेल तर हवं होतं तिला. ती तेव्हा चौतीसची होती. ताबिशला तीन मुलं होती, थोरला तिच्याच शाळेत दुसरीत.

भाऊजी नमाजहून आले, त्यांनी आम्हा तिघांना बघितलं आणि चपला न काढता परत बाहेर गेले. मशिदीच्या पायरीवर बसून राहिले. मी जाताना त्यांच्यापाशी थांबलो. मग निघालो.

जूनमध्ये माहरुखनं पोलादपूरला बदली मागून घेतली. तुडीलहून रोज जाऊन-येऊन करता आलं असतं, बऱ्याच बाया करतात. तिनं तिथं भाड्यानं खोली घेतली. तिच्या सामानाची ट्रंक मीच उचलून टेम्पोत ठेवली. भाऊजी दुसरी कडी धरायला पुढं आले. माहरुख म्हणाली, "राहू द्या अब्बा, मामू आहेत." चांगल्या आवाजात म्हणाली. भाऊजींनी हात मागं घेतला.

ते आणखी तीन वर्षं जगले. आपा त्यांना वेळेवर जेवायला वाढायची, औषध द्यायची, कपडे धुवायची. कामात तिनं कसूर केली नाही. फक्त बोलायची नाही. मी जायचो तेव्हा मला पण कपात चहा मिळायचा आणि ती आत जायची. माहरुख ईदला यायची आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एस्टीनं पोलादपूरला परत जायची.